पहिलं इंजेक्शन रस्त्यावरच मिळायला हवं

पुण्यात अपघात झाला की जमलेल्या गर्दीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं?" कुणी जवळचं नाव घेतं, कुणी मोठं, कुणी म्हणतं सरळ ससूनला न्या. प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याच्या मांडीचं हाड मोडलंय, कमरेचा सांगाडा निखळलाय किंवा पोटात प्लीहा फाटलीय, त्याचं रक्त रुग्णालयाचं फाटक येईपर्यंत वाट पाहत नाही. अशा माणसाबद्दल आणखी एक प्रश्न तितक्याच घाईने विचारायला हवा. रक्त जायला लागून किती वेळ झाला, आणि त्याला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव आवरणारं औषध, मिळालं का?

माझं म्हणणं असं आहे. जखमीला जो पहिला डॉक्टर भेटेल, मग तो १०८ च्या गाडीतला असो, प्राथमिक आरोग्य केंद्रातला असो की दहा खाटांच्या नर्सिंग होममधला, त्याच्या हातून हे औषध तिथल्या तिथे गेलं पाहिजे. त्यासाठी त्याला वरच्या कुणाला फोन करून परवानगी मागावी लागू नये. आणि औषध किती वाजता दिलं, ते कागदावर आलं पाहिजे.

औषध नवं नाही, महाग नाही, दुर्मीळही नाही. ५०० मिलिग्रॅमची काचेची ॲम्प्युल, आत ५ मिलिलिटर पाण्यासारखा द्रव. पहिला डोस १ ग्रॅमचा, म्हणजे दोन ॲम्प्युल, सलाईनमध्ये मिसळून दहा मिनिटांत. त्यानंतर आणखी १ ग्रॅम पुढच्या आठ तासांत सावकाश. फ्रीज लागत नाही, रक्तगट पाहावा लागत नाही, आणि सगळा खर्च काही शे रुपयांच्या पुढे जात नाही. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने अपघाती जखमांसाठी २०११ साली ते आपल्या यादीत घेतलं. पाळीत अंगावरून फार जाणाऱ्या बायकांना याच्याच गोळ्या स्त्रीरोगतज्ज्ञ लिहून देतात. हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढताना हेच वापरतात. अलीकडे चेहऱ्यावरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञही देतात. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही बऱ्या केमिस्टकडे मिळेल असं हे औषध आहे.

ते करतं काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याबद्दलची बरीचशी भीती गैरसमजातून येते. मोठी जखम झाली की शरीर दोन कामं एकदम सुरू करतं. एकीकडे फायब्रिनचे धागे विणले जाऊन गुठळी बांधली जाते. दुसरीकडे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारी द्रव्यं रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाचं प्लाझ्मिन करतात आणि हे प्लाझ्मिन तीच गुठळी विरघळवू लागतं. एरवी हा तोल आपल्या भल्याचाच असतो. गंभीर जखमेत तो जातो, आणि शेताच्या एका टोकाला बांध घालावा नि दुसऱ्या टोकाला कुणी तो उकरत राहावं, तशी गत होते. गंभीर जखमींपैकी साधारण चौथ्या हिश्श्याची रक्त गोठण्याची ताकद रुग्णालयात पोचतानाच घसरलेली असते. त्यात आपण गार सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या की रक्त पातळ होतं, अंग थंड पडतं, रक्तातलं आम्ल वाढतं आणि गुठळी आणखी कच्ची होते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड प्लाझ्मिनोजेनच्या नेमक्या त्या जागा अडवतं, ज्या फायब्रिनला जाऊन चिकटतात. नवी गुठळी ते तयार करत नाही. जखमेवर शरीराने जी बांधलीय, ती टिकवतं.

हे औषध शोधलं जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी. युद्धात होरपळलेल्या देशात, हाताशी साधनं नसताना त्यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं, आणि त्यामागचा एक हिशोब असा की दुसरं काही मिळालं नाही तरी प्रयोगाला स्वतःचं रक्त तर आहे. मूल सांभाळायला कुणी नसायचं, तेव्हा उताकोबाई लेकीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या मनात होत्या त्या बाळंतपणात रक्तस्रावाने जाणाऱ्या बाया. पण कोबेमधल्या प्रसूतितज्ज्ञांना हे औषध वापरून बघायला त्या राजी करू शकल्या नाहीत. त्यांच्या मनातली ती चाचणी अखेर झाली, २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांवर, आणि औषध तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात असं तिने दाखवून दिलं. निष्कर्ष प्रसिद्ध झाले २०१७ मध्ये. उताकोबाई एप्रिल २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या. औषध हाती असून ते माणसापर्यंत पोचायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. आज मी जो उशीर म्हणतेय तो काही मिनिटांचा आहे, पण त्याची जात तीच आहे.

अपघाताच्या जखमींवरची मोठी चाचणी त्याआधीच, २०१० साली, प्रसिद्ध झाली. तिचं नाव क्रॅश-२. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने ती चालवली. ४० देश, २७४ रुग्णालयं, वीस हजारांवर जखमी, आणि सहभागी देशांमध्ये सर्वाधिक रुग्ण भारतातले. म्हणजे हा पुरावा कुठल्या परक्या शरीरांवरचा नाही. आपल्याच रस्त्यांवर रक्तबंबाळ झालेल्या माणसांनी तो उभा केलाय. औषध न मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. फरक दीड टक्क्याचा. कुणाला तो किरकोळ वाटेल. पण याचा अर्थ असा की साधारण ६७ जखमींना औषध दिलं तर एक जीव जास्त वाचतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. ते सगळे रक्तस्रावाने गेले असं मुळीच नाही, डोक्याच्या मारानेही फार जण जातात. तरीही इतक्या स्वस्त औषधाने इतक्या मोठ्या संकटात दीड टक्का हाती लागत असेल, तर तो सोडून देण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

खरी गोम मात्र पुढे आहे. त्याच आकडेवारीची २०११ साली वेळेनुसार फोड केली गेली. जखम झाल्यापासून तासाभरात ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात रक्तस्रावाने मरण्याचं प्रमाण ५.३ टक्के होतं, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात ७.७ टक्के. एक ते तीन तासांच्या दरम्यान ते ४.८ आणि ६.१ टक्के. तीन तास उलटून गेल्यावर चित्रच पालटलं. औषध मिळालेल्यांमध्ये ४.४ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ३.१ टक्के. म्हणजे तेच औषध, तोच डोस, आणि घड्याळाने त्याचा गुण फिरवला. पुढे अपघात आणि बाळंतपण या दोन्ही चाचण्यांतल्या मिळून ४०,१३८ रुग्णांचा एकत्र अभ्यास २०१८ मध्ये आला. उशिराच्या दर पंधरा मिनिटांमागे फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटत जातो आणि तीन तासांनंतर उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

आता पुण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतार. या टापूत नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने एका रात्रीत अनेक गाड्या चिरडल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तिथेच माणसं गेली. संध्याकाळी सातला नऱ्ह्याहून किंवा वारज्याहून जखमीला घेऊन शहराच्या मध्यात यायचं म्हणजे काय, हे सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. चाकणच्या कारखान्यातून दुसरी पाळी सुटते तेव्हा नाशिक रस्त्यावर काय असतं, तेही नको. यवतजवळ सोलापूर रस्त्यावर, खेड शिवापूरजवळ सातारा रस्त्यावर, रांजणगावजवळ नगर रस्त्यावर अपघात झाला की गाडी येईपर्यंतचा वेळ वेगळा आणि ती पुण्याच्या गर्दीत शिरल्यानंतरचा वेळ वेगळा. ताम्हिणीत गाडी दरीत गेली तर माणसाला वर काढण्यातच तास जातो.

आणि हा झाला फक्त रस्ता. त्यात मिसळा बघ्यांचं बिचकणं, जवळच्या रुग्णालयात गाडी थांबल्यावर "इथे सोय नाही, पुढे न्या" हे उत्तर, पुढच्या ठिकाणी केसपेपर, पोलिसांची नोंद, डिपॉझिटसाठी नातेवाइकांची धावाधाव, सीटी स्कॅनची रांग, वरिष्ठांचा फोन. कुणीही मुद्दाम उशीर करत नसतं. तरी तीन तास कुठे गेले ते कुणाला कळत नाही.

पुण्याला वेगाने काम करता येतं, हे आपण सगळे जाणतो. अवयवदानाचं हृदय किंवा यकृत न्यायचं असलं की वाहतूक पोलीस ग्रीन कॉरिडॉर करतात, सिग्नल एकापाठोपाठ एक मोकळे होतात. त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण रोजच्या प्रत्येक जखमीसाठी ग्रीन कॉरिडॉर करता येणार नाही. शस्त्रक्रियेची खोली, रक्तपेढी, हाडांचे नि पोटाचे सर्जन रस्त्यावर नेता येणार नाहीत. दोन ॲम्प्युल मात्र नेता येतात. माणूस औषधापर्यंत लवकर पोचत नसेल तर औषधाने माणसापर्यंत जावं.

मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट मला सतत टोचत राहते. पुण्यात गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया रोज होतात. पासष्टीतल्या काकूंना ठरल्या दिवशी, उपाशीपोटी, सगळे रिपोर्ट हातात घेऊन आत आणलं जातं. गुडघ्यावर पहिला छेद पडायच्या आधी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आत गेलेलं असतं. कुणी आठवण करून द्यावी लागत नाही, कुणाला फोन करावा लागत नाही, सिस्टरच्या ट्रेमध्ये ते आधीच भरलेलं असतं. तिथे त्याचा उपयोग आहेच, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत रक्त चढवावं लागण्याची शक्यता त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी होते. पण त्या काकू त्याच्याविनाही सुखरूप घरी गेल्या असत्या. ज्याचा जीव या औषधावर तोलला जातोय, तो खाली कॅज्युअल्टीत पडलाय, आणि त्याच्या बाबतीत हे औषध कुणाला तरी आठवावं लागतं.

मी पूर्वी ज्या रुग्णालयांत काम केलं त्यांपैकी एकातली रात्र सांगते. विशीतला मुलगा, दुचाकीवरून पडलेला, डावी मांडी जीन्समध्ये ताठ सुजलेली. ब्रदरने कात्रीने जीन्स कापली तेव्हा मांडीची त्वचा चकाकत होती. मोडलेल्या मांडीच्या हाडाभोवती लिटरभर रक्त जमू शकतं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. पल्स १३०, बीपी नव्वदच्या खाली, तोंड कोरडं, सारखा "पाणी द्या" म्हणत होता. हाताला नस मिळेना. सिस्टरने शेवटी कोपराच्या बेचक्यात सुई बसवली. औषधांच्या ट्रॉलीच्या दुसऱ्या खणात ॲम्प्युल होत्या. आरएमओने, म्हणजे रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने, वरिष्ठांना फोन लावला, ते दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते, निरोप आला, "सीटी करून घ्या, मग बघू." मुलगा सीटीला गेला, परत आला, तेव्हा इंजेक्शन गेलं. चाळीस मिनिटं. केसपेपरवर अपघाताच्या वेळेच्या रकान्यात एकच शब्द होता, "रात्री".

तो मुलगा वाचला. सर्जनने आणि चढवलेल्या रक्ताने त्याला वाचवलं. पण आरएमओ मुलगी हुशार होती, तिला औषध ठाऊक होतं, खण तिच्यापासून दोन हातांवर होता. तिला कमी पडला तो हुकूम. "अशा रुग्णाला हे दे, विचारू नकोस, वेळ लिही" असं भिंतीवर कुणीतरी सहीनिशी लावलेलं असतं, तर तिने सीटीची वाट पाहिली नसती. ॲम्प्युल पेटीत असणं आणि ती फोडली जाणं यांच्यामध्ये असा एक कागद असतो. पुण्यातल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत तो लागला पाहिजे, ही माझी मागणी आहे.

कुणाला द्यायचं हे ठरवायला सीटी लागत नाही. क्रॅश-२ मध्ये रुग्ण निवडले ते साध्या खुणांवर. बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली, किंवा पल्स ११० च्या वर, किंवा डॉक्टरला मोठ्या रक्तस्रावाचा धोका वाटतोय, आणि जखम होऊन आठ तासांहून कमी. यातले आठ तास आता तीन तास समजायचे, एवढाच बदल. नाडीवर बोट ठेवता येणाऱ्या कुणालाही हे जमतं.

महाराष्ट्राला तर हे इतर अनेक ठिकाणांपेक्षा सोपं जायला हवं. आपल्याकडे २०१४ साली १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. ब्रिटनमध्ये डॉक्टर नसलेले पॅरामेडिक वर्षानुवर्षं हे औषध रस्त्यावर देताहेत. आपल्या गाड्यांवरचे बरेचसे डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, म्हणून त्यांच्या हाती हे द्यावं का, असा आक्षेप माझ्याच व्यवसायातले लोक घेतात. मला तो पटत नाही. पावसात, हेडलाइटच्या उजेडात, रस्त्यावर पडलेल्या माणसाची नस शोधणारा तोच असतो. ऑक्सिजन, सलाईन, छाती दाबणं हे सगळं आपण त्याच्यावर सोपवतो. लेखी नियमावली, प्रशिक्षण आणि नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरांचा आधार एवढं दिलं तर दोन ॲम्प्युल सलाईनमध्ये घालणं त्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. कुठली पदवी मोठी हा वाद चालायचा तिथे चालू दे, त्याची किंमत रस्त्यावर पडलेल्या माणसाने मोजू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रांबद्दल तर आक्षेपाला जागाच नाही. बाळंतिणीला रक्तस्राव झाला तर तीन तासांच्या आत हे औषध द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०१७ पासून आहे. म्हणजे बाळंतपणाच्या खोलीसाठी ठेवायची ती ॲम्प्युल आणि अपघाती जखमीला द्यायची ती ॲम्प्युल एकच. मधल्या भिंतीपलीकडच्या टेबलावर तिचा उपयोग वेगळा असण्याचं काही कारण नाही.

शंका रास्त आहेत, त्यांना उत्तरं द्यायलाच हवीत. पहिली शंका गुठळ्यांची. पायात, फुप्फुसात, हृदयात गुठळी होईल, ही भीती नातेवाइकांइतकीच डॉक्टरांनाही असते. क्रॅश-२ मध्ये नेमकं हेच मोजलं होतं आणि असे प्रकार वाढले नाहीत. दुसरी शंका अशी की रुग्णालयाबाहेर दिल्याने खरंच फरक पडतो का. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीत १,३१० गंभीर जखमींना वाटेतच औषध देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सहा महिन्यांनी बऱ्या अवस्थेत जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं, ५३.७ आणि ५३.५ टक्के. काही डॉक्टर हा आकडा दाखवून विषय संपवतात. पण त्याच चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू औषधाच्या गटात १७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात २१.८ टक्के होते. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे गंभीर अपंगत्व राहिलं, ही या आकड्यांतली दुखरी बाजू आहे आणि ती लपवू नये. पुनर्वसनाकडे आपण किती कमी लक्ष देतो, हा वेगळा नि मोठा विषय आहे. पण जो वाचेल त्याचं पुढचं आयुष्य कठीण असेल म्हणून त्याला वाचवायचं औषध हात राखून द्यावं, हे मला मान्य होणार नाही.

तिसरी गोष्ट मी स्वतःहून सांगते. हे औषध प्रत्येक रक्तस्रावावर नाही. अल्सर किंवा लिव्हरच्या आजारामुळे पोटातून रक्त जाणाऱ्या १२,००९ रुग्णांवरची चाचणी २०२० मध्ये आली, तिथे मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांमधल्या गुठळ्या वाढल्या. डोक्याच्या माराच्या बाबतीत २०१९ ची क्रॅश-३ चाचणी सौम्य आणि मध्यम जखमांत फायदा दाखवते, अतिगंभीर जखमांत दाखवत नाही. भराभर ढकललं तर बीपी आणखी पडतं, म्हणून दहा मिनिटं. फार मोठ्या डोसमध्ये झटके येऊ शकतात. शिवाय एक धोका रुग्णालयांमधला आहे. पाठीत भूल देताना चुकून हीच ॲम्प्युल टोचली गेल्याचे प्रकार जगभर घडलेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ मध्ये त्याबद्दल इशारा द्यावा लागला. भुलेच्या औषधांच्या खणात ही ॲम्प्युल कधी ठेवू नये, हे प्रत्येक भूलतज्ज्ञाने आपल्या शस्त्रक्रियेच्या खोलीत आजच बघून घ्यावं. रुग्णवाहिकेत पाठीत भूल कुणी देत नाही, त्यामुळे तिथे हा धोका नाही.

आणि हे औषध सर्जनची जागा घेत नाही. वाहती जखम घट्ट दाबून धरणं पहिलं, कमरेचा सांगाडा बांधणं पहिलं, लवकर रक्त आणि लवकर शस्त्रक्रिया हवीच. अपघातात या औषधाने रक्त कमी लागतं, असंही क्रॅश-२ मध्ये दिसलं नाही, दोन्ही गटांत साधारण निम्म्या रुग्णांना रक्त चढवावं लागलं. वाचलेल्या माणसाला रक्त लागणारच. पुण्यात गणेश मंडळं, महाविद्यालयं, कारखाने ज्या हौसेने रक्तदान शिबिरं भरवतात त्याची गरज तसूभरही कमी होत नाही, विशेषतः मे महिन्यात, जेव्हा विद्यार्थी गावी गेलेले असतात आणि रक्तपेढ्या फोनवर फोन करत असतात. त्याच मंडळांच्या रुग्णवाहिका आहेत, त्यांचे कार्यकर्ते सर्वांत आधी रस्त्यावर उतरतात. त्यांना इंजेक्शन द्यायला कुणी सांगत नाही. पण जखम दाबून धरायची कशी आणि अपघाताची वेळ हातावर पेनाने लिहायची, एवढं शिकवलं तरी पुढच्या डॉक्टरचं काम सोपं होईल. मांडीत टोचलेलं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही काही मिनिटांत रक्तात पुरेसं उतरतं, असं जखमींवरच्या अभ्यासात दिसलंय. नस न मिळणाऱ्या रुग्णासाठी तो रस्ता उद्या नियमावलीत येऊ शकतो, आणि आला तर आपली तयारी असायला हवी.

कायद्याच्या बाजूने बरंच काही झालंय, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरचा पहिला तास 'गोल्डन अवर' म्हणून व्याख्येत आला. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी कलम १३४-अ आलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावल्यावर केंद्राने ५ मे २०२५ ला रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची. डिपॉझिटच्या खिडकीवर जाणारी मिनिटं यामुळे वाचू शकतात. पण कायदा म्हणतो तो तास भरायचा कशाने? पैशाची हमी हे त्याचं अर्धं उत्तर झालं. त्या तासात शरीरात काय गेलं, हे दुसरं अर्धं, आणि ते अजून डॉक्टरांच्या आठवणीवर सोडलेलं आहे. योजनेत सामील होणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने बिलासोबत दोन वेळा लिहून द्याव्यात, जखम कधी झाली आणि पहिला डोस कधी गेला. दिला नसेल तर का नाही, ते एका ओळीत. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या आरोग्यप्रमुखांनी दर महिन्याला या दोन वेळांमधल्या अंतराचा मध्यबिंदू, म्हणजे निम्म्या जखमींना किती मिनिटांच्या आत डोस मिळाला तो आकडा, लोकांसमोर ठेवावा, रुग्णालयांची नावं न घेता चालेल. नवले पूल परिसरातून येणाऱ्या जखमीला पहिला डोस मिळायला किती मिनिटं लागतात, चाकणहून येणाऱ्याला किती, शिरूरहून येणाऱ्याला किती, हे एकदा दिसलं की कुठे ॲम्प्युल हवी, कुठे प्रशिक्षण हवं आणि कुठे गाडी हवी, ते आपोआप कळेल.

यावर मला हमखास ऐकू येणारं उत्तर असं, की जखम नेमकी कधी झाली हे कुणालाच माहीत नसतं, मग तीन तास मोजायचे कुठून? पुण्यात याचं उत्तर तयार आहे. कुणीतरी १०८ ला फोन करतं तेव्हा औंधमधल्या नियंत्रण कक्षात त्या फोनची वेळ मिनिट-सेकंदासह नोंदली जाते. अपघात आणि फोन यांच्यात शहरात सहसा फार अंतर नसतं. ती वेळ गाडीतल्या डॉक्टरच्या मोबाइलवर आणि तिथून केसपेपरच्या पहिल्या ओळीवर आली, की "रात्री" हा शब्द तिथे लिहावा लागणार नाही. दरीतून काढलेल्या, शेताच्या कडेला तासन्‌तास पडून राहिलेल्या माणसाच्या बाबतीत फोनची वेळ फसवी ठरेल. तिथे डॉक्टरने अंदाज बांधावा, आणि तीन तास उलटून गेल्याची खात्री असेल तर हे औषध न देता जखमीला थेट शस्त्रक्रियेकडे न्यावं.